विश्लेषण : ‘प्रिंट’ म्हणजे नक्कल नव्हे! रविवर्मा ते चित्तप्रसाद, छापचित्रकारांना प्रेरणा मिळाली कुठून?

चित्रप्रदर्शनात एचिंग किंवा वुडकटच्या भिंतीसमोर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘हे ओरिजिनल आहे की प्रिंट?’ प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण छापचित्रकाराला त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण समोरचे चित्र एकाच वेळी प्रिंटही असते आणि ओरिजिनलही. चित्रकलेतील ही बहुधा एकमेव शाखा आहे, जिथे एकाच चित्राच्या पंचवीस प्रती असल्या तरी त्या पंचवीसही अस्सल मानल्या जातात. गंमत म्हणजे, छापील चित्र घराघरांत पोहोचवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तरीही याच राज्यात छापचित्राबद्दलचा गैरसमज सर्वाधिक घट्ट आहे. असे का? छापचित्र तयार कसे होते, आणि ते करणाऱ्यांना विषय कुठून सुचले?

छापचित्र म्हणजे नेमके काय?

कलाकाराने एखाद्या पृष्ठभागावर, म्हणजे लाकूड, लिनोलियम, जस्त, तांबे, दगड किंवा जाळीवर चित्र तयार करायचे, त्यावर शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. याला छापचित्र म्हणतात. मराठीत मुद्राचित्र हा शब्दही रूढ आहे. यात मुख्य मुद्दा असा की, छापण्याआधी हे चित्र कुठेच अस्तित्वात नसते. कॅनव्हासवर रंगवलेल्या चित्राचा फोटो काढून तो छापला, तर ती त्या चित्राची प्रतिकृती असते. छापचित्राला असे आधीचे ‘मूळ’ नसते. ठशावर असते ते उलटे, अर्धवट चित्र. ते पूर्ण होते कागदावर.

उलटे या शब्दाला इथे महत्त्व आहे. बहुतेक पद्धतींत ठशाची प्रतिमा आरशात दिसावी तशी पालटते. डावीकडचे उजवीकडे जाते. त्यामुळे चित्रात अक्षरे असतील तर ती ठशावर उलटी कोरावी लागतात. छापचित्रकाराला सतत असे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते.

हे तयार कसे होते?

पद्धती अनेक असल्या तरी शाई कुठे बसते यावरून त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट, उठावाची छपाई. शाळेत भेंडी किंवा बटाट्याचे ठसे केलेल्या प्रत्येकाला हे तत्त्व माहीत आहे. जो भाग नको तो कापून टाकायचा, जो उरतो त्याला शाई लागते. लाकडावर केले की वुडकट, लिनोलियमवर केले की लिनोकट. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाची पूड यांपासून केलेले फरशीवर अंथरायचे आच्छादन. ते लाकडापेक्षा मऊ असते आणि त्याला रेषा नसतात, म्हणून कोरायला सोपे. छापायला यंत्र नसले तरी चालते. कागदाच्या मागून चमच्याने घासले तरी छाप उमटतो.

दुसरा गट नेमका उलटा. इथे शाई खाचेत बसते. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि डांबरी द्रव्याचा थर चढवतात. त्यावर सुईने रेघोट्या ओढल्या की तेवढा धातू उघडा पडतो. पत्रा आम्लात बुडवला की उघडा भाग खाल्ला जातो. जितका वेळ आम्लात, तितकी खाच खोल आणि छापलेली रेघ गडद. हेच एचिंग. मग पत्र्यावर शाई चोळायची, जाळीदार कापडाने वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि वजनदार रुळांमधून तो दाबून काढायचा. दाबामुळे कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलतो. अशा चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो.

तिसरा गट, शिळाछाप म्हणजेच लिथोग्राफी. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर यांनी शोधलेल्या या पद्धतीत काहीच कोरावे लागत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती चालते. विशिष्ट चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगडावर डिंक आणि सौम्य आम्लाची प्रक्रिया करायची आणि तो पाण्याने ओला करायचा. मग तेलकट शाई लावली की ती फक्त रेषांना चिकटते. ओला दगड तिला नाकारतो.

चौथा गट तर सर्वांच्या ओळखीचा आहे. लग्नपत्रिका आणि टी-शर्टवर होणारे स्क्रीन प्रिंटिंग. कलाकार ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चित्रासाठी करतो, तेव्हा त्याला सेरिग्राफ म्हणतात.

महाराष्ट्रात याची सुरुवात कुठे झाली?

सुरुवात झाली ती कलेसाठी नव्हे, कामासाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी स्थानिकांना चित्रकला शिकवली. त्यातला गंगाराम तांबट हा पुण्याचा कलाकार वेरूळची लेणी रेखाटण्यासाठी प्रसिद्ध झाला. वेल्स यांनीही वेरूळची चित्रे काढली. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी २४ छापचित्रे तयार केली आणि ती १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. वेरूळ कधीही न पाहिलेल्या युरोपातील वाचकांना कैलास लेणे पहिल्यांदा नीट दिसले ते छापचित्रातून.

छपाई मराठी घरात शिरली ती पंचांगाच्या रूपाने. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील यंत्र पाहून त्यांनी आपले यंत्र स्वतः जुळवले होते. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात ‘चित्रशाळा’ काढली. निबंधमालेतून इंग्रजी सत्तेवर आणि आपल्याच समाजावर लेखणी चालवणाऱ्या शास्त्रीबोवांना चित्रांच्या छापखान्यात का पडावेसे वाटले असेल? उत्तर सरळ आहे. वाचू शकणारे मोजके होते, पाहू सगळेच शकत होते. चित्रशाळेचे रामपंचायतन देवघरात गेले आणि इतिहासातील मराठी माणसांची चित्रे बैठकीच्या खोलीत. विषयांची प्रेरणा भक्तीची होती, तशीच स्वाभिमानाचीही.

रविवर्मांनी महाराष्ट्रात प्रेस का काढला?

राजा रविवर्मा केरळचे. पण त्यांच्या चित्रांतील नायिका नऊवारीत दिसतात, हे लक्षात घेतले की त्यांचे महाराष्ट्राशी नाते कळते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरील १४ चित्रे करवून घेतली. या कामासाठी आणि पुढेही रविवर्मा मुंबई-बडोद्याच्या बाजूला बराच काळ राहिले. इथल्या रंगभूमीचा आणि इथल्या स्त्रियांच्या पेहरावाचा प्रभाव त्यांच्या चित्रांत उतरला, असे अभ्यासक मानतात.

मोठ्या घराण्यांसाठी काढलेली चित्रे मोठ्या घराण्यांतच राहणार, ही अडचण होती. तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे की ती एकट्या हाताने पुरी होणार नाही, तेव्हा ती छापून घ्या, असा सल्ला सर टी. माधवराव यांनी त्यांना दिला होता. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पहिले चित्र छापले गेले ते शकुंतलेच्या जन्माचे. प्लेगच्या साथीच्या काळात छापखाना मुंबईबाहेर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला.

या चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, असे एका चित्रासाठी कधी डझनाहून अधिक दगड लागत. सगळे दगड अचूक एकावर एक जुळले तरच लक्ष्मीच्या साडीचा काठ साडीवर बसे, नाहीतर शेजारी सरके. शेवटी वरून वॉर्निश देऊन तैलचित्राची झाक आणली जाई.

या छापखान्यासाठी काम केलेल्यांपैकी एक नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचे काम केले आणि नंतर स्वतःचा छपाईचा व्यवसायही उभारला. ‘राजा हरिश्चंद्र’मधील देखाव्यांवर रविवर्मांच्या चित्रांची छाया दिसते ती काही योगायोगाने नाही.

मग ‘प्रिंट म्हणजे स्वस्त कॉपी’ हा समज आला कुठून?

बऱ्याच अंशी इथूनच. रविवर्मा प्रेसची बहुतांश कामे ही आधी रंगवलेल्या चित्रांची छापील रूपे होती. दगडावर ती उतरवणारे कारागीर वेगळे होते आणि त्यांची नावे चित्राखाली येत नसत. मागणी वाढली तसे दर्जाला फाटे फुटले. पुढे कॅलेंडरे आली, काड्यापेट्यांची आणि कापडाच्या गाठींची लेबले आली, ऑफसेट छपाई आली. तीन पिढ्यांनी भिंतीवरचे छापील चित्र पाहिले ते ‘कुठल्यातरी मोठ्या चित्राची नक्कल’ म्हणून. त्यामुळे ज्याने स्वतः पत्रा कोरला, आम्लात बुडवला, शाई लावली आणि चाक फिरवले, त्या कलाकारालाही आज त्याच नजरेला तोंड द्यावे लागते.

या समजाला उत्तर द्यायचे तर अशा कलाकारांकडे पाहावे लागते, ज्यांनी छपाई निवडली ती चित्राच्या प्रती काढण्यासाठी नव्हे. त्यांना जे सांगायचे होते, ते दुसऱ्या माध्यमात सांगताच आले नसते.

अंधेरीतला चित्तप्रसाद : भूक पाहिलेला माणूस

अशा कलाकारांत मुंबईचा पहिला दावा चित्तप्रसाद यांच्यावर लागतो. जन्म १९१५ चा, बंगालमधील नैहाटीचा. कलेचे रीतसर शिक्षण नाही. जातव्यवस्थेचा निषेध म्हणून त्यांनी भट्टाचार्य हे आडनाव वापरणे सोडले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले. मरणाच्या दारातली माणसे, ओसाड घरे, सगळे शाईने रेखाटत आणि लिहीत गेले. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली. ब्रिटिश सरकारने तिच्या सुमारे पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपून ठेवलेली एक प्रत तेवढी वाचली.

कम्युनिस्ट पक्षाच्या कामासाठी चित्तप्रसाद मुंबईत आले. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह त्यांचेच. याच इप्टाच्या वर्तुळात तेव्हा शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचा डफ गाजत होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले, पण मुंबईपासून नाही. पुढची अनेक वर्षे ते अंधेरीत एकटे आणि ओढगस्तीत राहिले आणि लिनोकट करत राहिले.

लिनोकटच का? पहिले कारण खिशाचे. लिनोलियमचा तुकडा, दोन-चार छिन्न्या आणि काळी शाई एवढ्यावर काम भागते. दुसरे कारण विचारांचे. ज्यांच्याबद्दल चित्र आहे त्यांना ते घेता आले पाहिजे, तर ते एकच असून चालणार नाही. तिसरे कारण माध्यमातच आहे. लिनोकटमध्ये काळे आणि पांढरे यांच्या मध्ये काही नसते. चित्तप्रसादना जे सांगायचे होते त्यालाही मधली छटा नको होती.

पन्नासच्या दशकात त्यांनी बालमजुरांवर लिनोकटची मालिका केली. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, लहान भावंडांना सांभाळणारी ही मुले. ज्यांच्या वाट्याला परीकथा आल्याच नाहीत असे देवदूत, या अर्थाचे नाव या मालिकेला होते. १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्क समितीने ती प्रसिद्ध केली. या मुलांसाठी मुंबईबाहेर जायची गरज नव्हती. कुठल्याही स्टेशनबाहेर ती दिसत होती. त्याच काळात चित्तप्रसाद मुलांसाठी बाहुल्यांचे खेळही करत. १९७८ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

चित्तप्रसाद यांच्या हाताखाली घडलेला एक तरुण पुढे भारतीय छापचित्रकलेतील मोठे नाव झाला. सोमनाथ होर यांनीही तोच दुष्काळ पाहिला होता. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘वूंड्स’ म्हणजे ‘जखमा’ ही मालिका केली. त्यात ना शाई, ना रेषा. मातीच्या किंवा मेणाच्या पातळीवर सुरीचे घाव घालायचे, त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यावर कागदाचा ओला लगदा दाबायचा. वाळल्यावर हाती येतो तो पांढरा कागद आणि त्यावर उमटलेले पांढरेच घाव. तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या देहांवरच्या जखमा त्यांनी कागदाच्या कातडीवर आणल्या. हे रंगवून झाले नसते.

पॅरिसमध्ये मुंबईकराचा प्रयोग : एका पत्र्यावर अनेक रंग

प्रेरणा नेहमी दुःखातूनच येते असे नाही. कधी ती एखाद्या अडलेल्या तांत्रिक प्रश्नातूनही येते. एचिंगमध्ये रंगीत चित्र हवे असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा लागे, आणि ते सगळे पत्रे केसभरही न हलता जुळवावे लागत. पन्नासच्या दशकात पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत दोन भारतीय या प्रश्नाला भिडले. एक आंध्रातून शांतिनिकेतनमार्गे आलेले कृष्णा रेड्डी. दुसरे काइको मोती, मुंबईत १९२१ मध्ये जन्मलेले आणि सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले पारशी कलाकार.

त्यांनी शोधलेले उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असे आहे. पत्रा वेगवेगळ्या खोलीपर्यंत कोरायचा, म्हणजे त्यावर डोंगर, पठार आणि दऱ्या तयार होतात. सर्वांत खोल खाचांत पहिली शाई भरायची. मग कडक रूळ फिरवायचा, तो फक्त वरच्या भागाला लागतो. त्यावर जवसाचे तेल जास्त घातलेली पातळ शाई असते. त्यानंतर मऊ रूळ फिरवायचा. तो दबून खालच्या पातळीपर्यंत पोहोचतो. त्यावरची शाई कमी तेलाची, घट्ट आणि चिकट. जिथे आधीच तेलकट पातळ शाई आहे तिथे घट्ट शाई बसत नाही, उरलेल्या जागी बसते. अशा रीतीने एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात अनेक रंग छापले जातात. शाईच्या घट्टपणावर म्हणजे विष्यंदितेवर आधारलेली ही पद्धत ‘व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग’ म्हणून जगभर शिकवली जाते.

रेड्डी मूळचे शिल्पकार होते. त्यामुळे पत्रा त्यांच्यासाठी सपाट नव्हता, ते त्याच्याकडे उथळ शिल्प म्हणूनच पाहत. त्यांचे विषय तपासले तर एक धागा सापडतो. पाण्याचा भोवरा, १९६८ च्या पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनातील गर्दी, लेकीसोबत सर्कस पाहिल्यावर सुचलेला विदूषक. सगळीकडे केंद्रातून बाहेर पसरत जाणारी हालचाल आहे. रंग एकमेकांना ढकलत पुढे जातात, हे तंत्र आणि हे विषय एकमेकांसाठीच असल्यासारखे वाटतात.

घराचा नकाशा लाकडावर

तंत्र आणि विषय असे एकजीव होण्याचे आणखी एक उदाहरण झरीना हाश्मी. अलीगढमध्ये वाढलेल्या झरीना गणित शिकल्या होत्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले. त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क अशा शहरांत राहिल्या. पॅरिसला त्यांनीही हेटर यांच्याकडेच धडे घेतले. १९९९ मधील ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या त्यांच्या कामात ३६ वुडकट आहेत. उंबरठा, दार, अंगण अशा एकेका उर्दू शब्दासाठी एकेक साधी भौमितिक आकृती. २००१ मध्ये त्यांनी भारत-पाकिस्तान सीमेची केवळ एक काळी, वेडीवाकडी रेघ छापली. वुडकटमध्ये अशी रेघ उरवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कापून काढावे लागते. फाळणीबद्दल याहून जास्त बोलायची गरज उरत नाही.

मग छापचित्रकारांपुढची अडचण काय?

पहिली अडचण बाजाराची. ‘एकमेव’ वस्तूला जास्त पैसे मोजायची सवय असलेल्या ग्राहकाला ‘पंचवीसपैकी तिसरे’ ही कल्पना पटवावी लागते. एकाच कलाकाराचे कॅनव्हास आणि एचिंग शेजारी ठेवले तर एचिंग बरेच स्वस्त असते, मग त्यामागे कितीही मेहनत असो.

दुसरी अडचण जागेची. चित्रकाराला खोलीचा एक कोपरा पुरतो. एचिंग करणाऱ्याला वजनदार प्रेस, आम्लासाठी हवा खेळती असलेली जागा, पाण्याची सोय आणि कागद वाळवायला मोकळी भिंत लागते. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे बसत नाही. कला महाविद्यालयात असेपर्यंत प्रेस हाताशी असतो, पदवी मिळाली की तो सुटतो. अनेक जण इथेच हे माध्यम सोडून रंगकामाकडे किंवा डिझाइनच्या नोकरीकडे वळतात. म्हणून या कलेत सामायिक कार्यशाळांना जीवनदायी महत्त्व आहे. दिल्लीतील ललित कला अकादमीची गढी कार्यशाळा, बडोद्यातील ‘छाप’, अहमदाबादचे कनोरिया सेंटर ही त्याची ठळक उदाहरणे. भोपाळच्या भारत भवनने १९८९ पासून छापचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक भरवून या माध्यमाला व्यासपीठ दिले, तर ललित कला अकादमीने २०१८ मध्ये ‘प्रिंट बिनाले’ सुरू केले.

तिसरी अडचण नवी आहे. चांगल्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली चित्राची प्रत ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ किंवा ‘जिक्ले’ या भारदस्त नावाने विकली जाते. अशी प्रत विकण्यात गैर काही नाही, फक्त ती काय आहे ते स्पष्ट सांगायला हवे. शब्द एकच असल्याने हाताने केलेले एचिंग आणि संगणकावरून निघालेली प्रत ग्राहकाच्या मनात एकाच रांगेत बसतात. डिजिटल माध्यमात मुळापासून काम करणारे कलाकारही आहेत. तिथेही कसोटी तीच, या छापाआधी हे चित्र दुसऱ्या रूपात होते का?

३/२५ म्हणजे काय? अस्सल छापचित्र ओळखायचे कसे?

छापचित्राच्या खाली पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक दिसतो. ३/२५ याचा अर्थ एकूण २५ प्रतींपैकी ही तिसरी. या एकूण संख्येला ‘एडिशन’ म्हणतात. एडिशन पूर्ण झाली की पत्र्यावर किंवा ठशावर काट मारून तो रद्द करण्याची प्रथा आहे, म्हणजे नंतर कोणी गुपचूप छापू शकत नाही. ए/पी असे लिहिले असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. संकेतानुसार अशा प्रती एडिशनच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत असतात.

खरेदी करताना किंवा नुसते पाहतानाही काही गोष्टी तपासता येतात.

- भिंगातून पाहा. ऑफसेट छपाईत निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके नियमित रांगेत दिसतात. इंकजेटमध्ये बारीक फवारा दिसतो. हाताने छापलेल्या चित्रात सलग शाई दिसते.
- एचिंग असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खूण शोधा. रेषेवरची शाई किंचित उंचावलेली जाणवते.
- वुडकट असेल तर मोठ्या काळ्या भागात लाकडाच्या रेषा दिसू शकतात. कागदाच्या मागे दाबाच्या खुणा असतात.
- पेन्सिलीची सही आणि क्रमांक पाहा. सहीदेखील छापलेली असेल तर ती प्रतिकृती असण्याची शक्यता जास्त.
- विक्रेत्याला थेट विचारा : पद्धत कोणती, एडिशन किती, छपाई कोणी केली आणि ठसा रद्द केला का? अस्सल काम विकणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

दोन प्रती शेजारी मिळाल्या तर जरूर ताडून पाहा. शाई हाताने पुसली जाते, त्यामुळे एका प्रतीत आकाश थोडे गडद, दुसरीत थोडे उजळ असू शकते. एकाच पिढीतल्या भावंडांसारख्या त्या असतात.

एकाहून अधिक असण्याचा फायदा काय?

बाजारात जे छापचित्राचे उणे मानले जाते, तेच इतिहासात त्याचे बळ ठरले आहे. १९७२ मध्ये मळवलीच्या रविवर्मा प्रेसला आग लागली आणि बरेच काही जळाले. पण तोवर तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती हजारो घरांच्या भिंतींवर होती. आजही गावाकडच्या जुन्या वाड्यात, काचेआड, कडा पिवळ्या पडलेल्या त्या सापडतात. ‘हंग्री बेंगॉल’ची चित्रे मूळ रेखाटनांची छपाई होती, कलाकाराने कोरलेली छापचित्रे नव्हती. पण तिथेही न्याय तोच लागू पडला. हजारो प्रती होत्या म्हणून सरकारला त्या गोळा करून नष्ट कराव्या लागल्या, आणि हजारो होत्या म्हणूनच एक निसटली. तिच्यामुळे चित्तप्रसादनी तेव्हा जे पाहिले, ते आज आपल्याला पाहता येते.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात एचिंगसमोर उभे राहिल्यावर ‘ओरिजिनल आहे का?’ याऐवजी ‘कशावर कोरले आहे?’ असे विचारून पाहा. चित्रकार शेजारी असेल तर गप्पा बराच वेळ रंगतील, आणि बऱ्याचदा त्या उत्तरातच त्या चित्राची प्रेरणाही कळेल.